ऑफिसच्या सॉकेटला स्कूटर लावणं म्हणजे चोरी का?

खाडीकाठची | १४ मे, रात्री ९.५०

मंडळी, आधी प्रसंग सांगते, मग प्रश्न.

मी रत्नागिरीजवळ पावसच्या अलीकडे एका वाडीत राहते, नोकरी मिरजोळे एमआयडीसीत. येऊनजाऊन ४४ किलोमीटर. गेल्या दिवाळीत पेट्रोलची स्कूटर विकून इलेक्ट्रिक घेतली. आमच्या कंपनीत वॉचमनच्या केबिनमागे पंधरा अँपिअरचा एक सॉकेट आहे, पूर्वी तिथे वॉटर कूलर होता. वॉचमनकाकांना विचारून मी सकाळी तिथे चार्जर लावायचे आणि जेवणाच्या सुट्टीत काढायचे. सहा महिने कुणी हूं की चूं केलं नाही. मग अकाउंट्समधल्या एकाने घेतली, मग स्टोअरमधल्या दोघांनी. सॉकेट एक, गाड्या चार. कुणीतरी घरून एक्स्टेंशन बोर्ड आणला. परवा तो बोर्ड वितळला. आग वगैरे काही नाही, पण वास थेट शॉपफ्लोरपर्यंत.

काल नोटीस लागली. 'कंपनीच्या आवारात खासगी वाहने चार्ज करून विजेचा गैरवापर करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.' त्यातला 'गैरवापर' लाल पेनाने अधोरेखित.

आज चहाला एक सहकारी हसत म्हणाले, 'काय वीजचोर, आज गाडी कुठे?' मीही हसले. पण भाट्ये पूल ओलांडून घरी येईपर्यंत तो शब्द काही डोक्यातून गेला नाही.

हिशेब मांडला तर महिन्याला माझे पंचेचाळीस युनिट होतात. दहा रुपये युनिट धरलं तरी साडेचारशे. हे मी द्यायला तयार आहे, पण घ्यायला कुणी तयार नाही. तुमच्याकडे काय पद्धत आहे? पुण्या-मुंबईच्या आयटी पार्कांचं सांगू नका, तिथे सगळं असतं. कोकणातल्या कंपन्या, बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या यांचं सांगा.

आमसूल | १४ मे, रात्री १०.०५

बोर्ड कुठल्या कंपनीचा होता ते सांगू नका. आमच्याकडे तोच असणार आणि मला आज शांत झोपायचंय.

हिशेबनीस | १४ मे, रात्री १०.४०

वाईटपणा घेतो. मी खेर्डीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स आणि एचआर दोन्ही बघतो (लहान कंपनीत माणूस एकच असतो, खुर्च्या दोन). ताई, प्रश्न साडेचारशे रुपयांचा नाहीच. समजा साठ माणसं आहेत. चौघं बॅटरीवर, चाळीस पेट्रोलवर, बाकीचे एसटीने आणि पायी. तुम्हा चौघांना वीज दिली की पाचवा येऊन म्हणणार, मग मला पेट्रोल भत्ता द्या. त्याला काय उत्तर देऊ? दिवाळीत मिठाईचे बॉक्स अर्ध्या किलोचे की पाऊण किलोचे यावरून आमच्याकडे आठ दिवस अबोला झालेला आहे.

आणि वॉचमनची परवानगी ही परवानगी नव्हे. उद्या खरंच पेटलं असतं तर विम्याच्या सर्व्हेअरने पहिला प्रश्न विचारला असता, हा बोर्ड इथे कुणी लावला?

चोरी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याच्या विहिरीवर न विचारता पाणी भरण्यासारखं आहे.

खाडीकाठची | १४ मे, रात्री १०.५२

आमच्या वाडीत शेजारच्या विहिरीवर पाणी भरायला कुणी कुणाला विचारत नाही. मे महिना सोडून.

हिशेबनीस | १४ मे, रात्री १०.५५

आणि आज तारीख काय?

आमसूल | १४ मे, रात्री १०.५८

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). उद्यासाठी रुमाल टाकून ठेवतो.

पोफळी | १५ मे, सकाळी ७.१५

चोरीचा मुद्दा आधी निकालात काढू. एमएसईबीत ३३ वर्षं काढली, त्यातली निम्मी अलोरे-पोफळीत. वीजचोरी म्हणजे मीटरच्या आधी आकडा टाकणं किंवा मीटरमध्ये फेरफार करणं. मीटरमधून मोजून आलेली आणि मालकाने बिल भरलेली वीज तुम्ही वापरलीत तर तो तुमचा आणि मालकाचा मामला, महावितरणचा नव्हे. घरी किंवा ऑफिसात गाडी चार्ज करायला मुभा आहे, हे केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच आलंय. मालकाला पैसे घ्यायचे असले तर तेही घेता येतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. म्हणून २००३ च्या वीज कायद्याखाली त्याला परवाना लागत नाही. तेव्हा 'घ्यायला कुणी तयार नाही' यात कायद्याची अडचण काडीची नाही.

आता हिशेब. दीड टनाचा एसी तासाला साधारण सव्वा ते दीड युनिट खातो. तुमची स्कूटर दिवसाला पावणेदोन. म्हणजे साहेब केबिनमधला एसी चालू ठेवून सव्वा तास मीटिंगला जाऊन बसले, की तेवढ्यात एक स्कूटर पावसला जाऊन आली.

हिशेबनीस | १५ मे, सकाळी ९.३०

पोफळीकाका, साहेबांच्या एसीचा हिशेब विचारायची माझी तरी छाती नाही. तुमची असेल तर अर्ज द्या, मी इनवर्डचा शिक्का मारून घेतो.

घाटमाथा | १५ मे, सकाळी ११.२०

मी कोल्हापूरचा. दर आठवड्याला आंबा घाट उतरून रत्नागिरीत येतो, डिझेल गाडी, एका टाकीत जाऊन-येऊन-जाऊन. या बॅटरीवाल्यांचं एक कळत नाही. पर्यावरण वाचवतो म्हणतात, पण वीज येते कुठून? जयगडला बाराशे मेगावॉटचा प्रकल्प कोळशावरच चालतो ना? धूर तुमच्या नळकांड्यातून न येता चिमणीतून येतो, एवढाच फरक. शिवाय घाटात गाडी मेली की ढकलायला कोण येणार?

पोफळी | १५ मे, दुपारी १.०५

घाटमाथा, निम्मं बरोबर. देशातली जवळजवळ पाऊण वीज आजही कोळशाची आहे. पण इंजिनात डिझेल जाळलं की त्यातली बरीचशी ताकद रेडिएटर आणि सायलेन्सर तापवण्यात जाते. मोटर तसं करत नाही. त्यामुळे कोळशाची वीज धरूनसुद्धा गणित बॅटरीच्या गाडीच्या बाजूने झुकतं. किती झुकतं यावर भांडता येईल, भांडू.

घाटाचं मात्र पाटी-पेन्सिलने सांगतो. कुंभार्ली घाट चिपळूणच्या बाजूने सहाशेएक मीटर चढतो. दीड-पावणेदोन टनांची गाडी तेवढी उचलायला सपाटीपेक्षा तीनेक युनिट जास्त लागतात. तीस युनिटच्या बॅटरीतले दहा टक्के झाले. उतरताना त्यातली थोडी परत येते, कारण मोटर उलटी फिरून जनरेटर होते. माझा जावई आंबा घाट उतरून साखरप्याला येतो तेव्हा माथ्यावर असते त्यापेक्षा खाली बॅटरी दोन टक्के जास्त दाखवते. तुमच्या डिझेलच्या टाकीत घाट उतरल्यावर कधी डिझेल वाढलंय का बघा.

आणि चढणार का म्हणाल, तर रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. तिला कुणी विचारत नाही, बाई गं, चढशील ना?

(अवांतर: कोयना १९६० मेगावॉट, तिकडे दाभोळ, इकडे जयगड. वीज आमच्या डोक्यावरच्या तारांतून घाटावर जाते आणि वाऱ्याची झुळूक आली की आमची लाइट जाते. यावर वेगळा धागा काढायचाय, पण दर वेळी लिहायला बसलो की लाइट जाते.)

तीनचाकी | १५ मे, दुपारी २.४०

रत्नागिरीत रिक्षा चालवतो. माझी सीएनजीची. कधी कधी रांगेत तास-दीड तास जातो, तेवढ्यात मारुती मंदिर ते मांडवी चार भाडी होतात. माझ्या मित्राने बॅटरीवाली घेतली. तो दुपारी जेवायला घरी जातो तेव्हा लावतो, चारला परत स्टँडवर. त्याचं म्हणणं, खर्च कमी पण कर्ज महाग. बँकेने व्याज जास्त लावलं, म्हणे या गाडीला पुढे किंमत किती येणार ते आम्हाला माहीत नाही.

लोकांचं विचाराल तर पहिले दोन महिने सगळे विचारायचे, चढावर उतरायला तर लावणार नाही ना? आता पहाटेच्या गाडीचं भाडं असलं की त्यालाच फोन येतो. आवाज नाही, वाडीत कुणी उठत नाही. एक वहिनी तर म्हणाल्या, सासूबाईंना न उठवता माहेरी जाता येतं.

आमसूल | १५ मे, दुपारी २.५५

ही गोष्ट जाहिरातीत का घालत नाहीत?

निवृत्त वायरमन | १५ मे, संध्याकाळी ६.१०

सगळे कायदा आणि कोळसा बोलतायत. बोर्ड का वितळला ते कोण सांगणार?

स्कूटरचा चार्जर साडेसातशे-आठशे वॉटचा. चार लावले तर तीन हजार वॉट, म्हणजे तेरा अँपिअर. बाजारातला स्वस्त बोर्ड सहा अँपिअरचा, आतली वायर केसासारखी. मिक्सर पाच मिनिटं फिरतो म्हणून चालून जातं. चार्जर तीन तास सतत ओढतो. वितळला नसता तरच नवल.

हे काम असं करायचं. प्रत्येक गाडीला स्वतंत्र निळा इंडस्ट्रियल सॉकेट, सोळा अँपिअरचा, झाकणवाला. प्रत्येकाला वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. सगळ्यांवर मिळून तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, वीज गळायला लागली की तो लाइन तोडतो आणि माणसाचा जीव वाचवतो. वायर चार स्क्वेअर मिलिमीटरची. आणि एक सबमीटर, म्हणजे हिशेबनीसांचं डोकं शांत.

ताई, एक विचारू? तुमचं स्वतःचं घर आहे, अंगण आहे. मग घरी का नाही लावत?

लोटेकर | १५ मे, रात्री ८.३०

लोट्यातल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी बघतो. आमच्याकडे सॉल्व्हंटच्या टाक्या आहेत, आत मोबाईलसुद्धा नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. तेव्हा आमच्याकडची नोटीस याहून कडक आहे आणि मीच लिहिलेली आहे. पण गंमत अशी की पेट्रोलच्या गाड्याही आम्ही आत घेत नाही. सगळ्यांचं पार्किंग कुंपणाबाहेर. मग बाहेर सॉकेट द्यायला हरकत काय, असं मी लिहून दिलं. 'विचाराधीन' असा शेरा मिळालाय, त्याला आता दोन पावसाळे झाले.

आगीबद्दल लोक मला विचारतात म्हणून सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरी पेटल्याच्या बातम्या आल्या, त्या खऱ्या होत्या. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले, एआयएस १५६ या सुरक्षा-मानकाची नवी कलमं डिसेंबर २०२२ पासून लागू झाली. तरी लिथियमची बॅटरी पेटलीच तर बादलीभर पाण्याने विझत नाही. आत सेलमागून सेल तापत जातो, पाण्याचा मारा बराच वेळ करून ती थंड करावी लागते. म्हणून जागा मोकळी हवी, जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या दाराशी नको. वॉचमनची केबिन पत्र्याची असेल आणि काका रात्री तिथे झोपत असतील, तर ती नोटीस मीही लावली असती. शब्द वेगळे वापरले असते.

गजालवाडी | १५ मे, रात्री ९.१५

आमच्या कुडाळाची गजाल आयका. आमच्या शाळेत एका मास्तरान पयली बॅटरीची स्कूटर घेतली. हेडमास्तर म्हणाले, 'शाळेची लाइट वापरूची नाय.' मास्तर गप. दुसऱ्या दिसाक हेडमास्तरांचो मोबाईल चार्जिंगक लावलेलो, मास्तरान जावन काढून ठेयलो. 'सर, शाळेची लाइट.' तेच्या फुडे दोघांचा एक वरीस बोलणा नाय. आता हेडमास्तर रिटायर झाले आणि स्कूटर थयच लागता. कोणी कायएक बोलना नाय.

खाडीकाठची | १५ मे, रात्री ९.४०

गजालवाडी, ही गोष्ट मी उद्या डब्याच्या वेळी सांगणार.

वायरमनकाका, घरी लावून बघितलं होतं. चार्जरवर लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. शोरूमवाले म्हणाले, घरचं वायरिंग जुनं आहे, बदला. वायरिंग बदलायचं म्हणजे वीस-पंचवीस हजार. म्हणून तर ऑफिसच्या सॉकेटची सवय लागली. दिवाळीत एकदा-दोनदा घरी झालं होतं, मग फेब्रुवारीपासून अजिबात नाही.

नाखवा | १६ मे, सकाळी ६.५०

श्रीवर्धनहून. मी अजून घेतलेली नाही आणि कारण एकच. ३ जून २०२०. निसर्ग वादळात आमच्या दारातला विजेचा खांब केळीसारखा मोडला. तीन आठवडे लाइट नव्हती. बॅटरीची गाडी असती तर अंगणात शोभेला.

पोफळी | १६ मे, सकाळी ७.३०

नाखवा, त्या तीन आठवड्यांत पेट्रोल कुठून आणलंत? पंपाची मोटरसुद्धा विजेवरच चालते.

नाखवा | १६ मे, सकाळी ८.१०

हेही खरंच. जनरेटरवाला एक पंप चालू झाला, तिथे दोन तास रांग. नंतर चुलतभाऊ माणगावच्या पुढून कॅन घेऊन आला, त्याचं पेट्रोल आम्ही चार घरांत तांब्याने मोजून वाटलं. पण बघा, पेट्रोल कॅनमधून आणता येतं, वीज नाही आणता येत. घरात दोन गाड्या असतील तर एक बॅटरीची घेईन. एकच असेल तर पेट्रोलची. यावर मला कुणी पटवायला येऊ नये.

चाकरमानी_दादर | १६ मे, सकाळी ११.००

नाखवांना अनुमोदन, पण माझं कारण गणपतीचं आहे. गेल्या वर्षी इलेक्ट्रिक कार घेऊन चिपळूणला निघालो. मुंबई-गोवा रस्ता कसा आहे ते सांगायला नको, २०११ पासून तो व्हायचाच आहे. ॲपवर दिसणारे दोन चार्जर, त्यातला एक बंद, दुसऱ्यावर माझ्यापुढे पाच गाड्या. प्रत्येकी पाऊण तास धरा. हॉटेलवाल्याने त्या दिवशी माझ्याकडून तीन वेळा मिसळीचे पैसे घेतले. पाचव्या गाडीतल्या आजींनी मूर्ती मांडीवर घेतली होती, त्या म्हणाल्या, 'अरे, बाप्पा उंदरावरनं आला असता तर एव्हाना पोचला असता.'

गावी पोचल्यावर मात्र पडवीतल्या सॉकेटला लावली आणि पाच दिवस मजेत. अडचण रस्त्यावर आहे, घरी नाही.

घाटमाथा | १६ मे, सकाळी ११.२५

हेच तर म्हणत होतो. डिझेल, पाच मिनिटं, पुढे.

खाडीकाठची | १६ मे, सकाळी ११.४०

पण घाटमाथा, मी वर्षातून एकदा मुंबईला जाते आणि वर्षातून तीनशे दिवस मिरजोळ्याला. एका दिवसासाठी तीनशे दिवस पेट्रोल का जाळू? मुंबईला मी तुतारी एक्स्प्रेसने जाते.

आमसूल | १६ मे, सकाळी ११.४२

वेटिंग लिस्ट किती? तीही चार्जरच्या रांगेसारखीच.

निवृत्त वायरमन | १६ मे, संध्याकाळी ५.३०

ताई, लाल दिव्याचं वाचलं. दिवाळीत चालायचं आणि फेब्रुवारीपासून बंद, इथेच उत्तर आहे. घर कातळावर आहे का? चिऱ्याचं?

खाडीकाठची | १६ मे, संध्याकाळी ६.००

हो, सड्यावर. आजोबांनी बांधलेलं. मागे अंगणाखाली लगेच कातळ लागतो.

निवृत्त वायरमन | १६ मे, संध्याकाळी ६.४५

मग वायरिंग नाही, अर्थिंग गेलंय, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी जोडणी. चार्जर सुरू होण्याआधी अर्थ तपासतो. अर्थ नसला तर लाल दिवा. फ्रिज, पंखा, मिक्सर अर्थ नसतानाही चालतात, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही.

आपल्या जांभ्यातून पाणी झिरपून जातं. पावसाळ्यात ओला असतो तोवर अर्थ बरा मिळतो, दिवाळीपर्यंत ओल टिकते. उन्हाळ्यात कोरडा ठक्क झाला की तो वीज जमिनीत जाऊच देत नाही. त्यात जुना पाइप खाऱ्या वाऱ्याने वरून सडलेला असतो. वायर पाइपाला नुसती टेकलेली असते, कधी तेवढीही नाही.

आम्ही फेज आणि अर्थ यांच्यात शंभरचा बल्ब लावून बघायचो. मंद पेटला की समजायचं. तुम्ही हे करू नका, चांगला वायरमन बोलवा. नवा खड्डा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, कोळसा आणि मिठाचे थर, आणि पाणी. चार-पाच हजारांत होईल. खड्डा मोरीजवळ घ्या. जुनी माणसं उगाच मोरीजवळ घेत नव्हती.

लोटेकर | १६ मे, संध्याकाळी ७.०५

काकांच्या या प्रतिसादाची प्रिंट काढून आमच्या मेंटेनन्सच्या बोर्डावर लावतोय.

(प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे)

हिशेबनीस | १६ मे, रात्री ९.००

वरचा माझाच होता, घाईत चुकीच्या धाग्यावर पडला.

खाडीकाठची | २० मे, रात्री ९.३०

रविवारी वायरमन आला. कपडे धुवायच्या दगडामागे जुना पाइप सापडला. हाताने हलवला तर वरचा वीतभर तुकडा बिस्किटासारखा हातात आला. वायर कधीच सुटलेली. म्हणजे आम्ही किती वर्षं अर्थिंगशिवाय गीझर वापरतोय कोण जाणे.

नवा खड्डा मोरीच्या कडेला घेतला. कातळ फोडायला दोन माणसं, दीड दिवस. मग कोळसा, मीठ, पाइप, आणि वायरमन म्हणाला, आता चार बादल्या पाणी ओता. आमच्याकडे सध्या टँकर दोन दिवसांनी येतो. आईने कमरेवर हात ठेवून विचारलं, 'तुळशीला एक तांब्या आणि त्या खड्ड्याला चार बादल्या? कुठला देव आहे तो?' शेवटी आंघोळीचं पाणी जमवून ठेवलं आणि संध्याकाळी ओतलं.

दिवा हिरवा! रात्री अकराला अंगणात जाऊन तीनदा बघून आले. आता मोरीचं पाणीच तिकडे वळवलंय. वायरमनकाका, माझे वीस हजार वाचवल्याबद्दल हापूसची एक पेटी लागू. शेवटच्या तोडीचा आहे, चवीला बघा.

निवृत्त वायरमन | २० मे, रात्री १०.१५

पेटी नको, दोन डझन पुरे. मधुमेह आहे. आणि गीझरचं ऐकून अंगावर काटा आला, आरसीसीबी बसवलात ना?

खाडीकाठची | २० मे, रात्री १०.२०

बसवला.

हिशेबनीस | २१ मे, सकाळी १०.००

चला, ताईंचं घरी सुटलं. म्हणजे धाग्याचा प्रश्नही सुटला.

खाडीकाठची | २१ मे, दुपारी १.३०

नाही सुटला. माझं अंगण आहे म्हणून माझं सुटलं. स्टोअरमधले दोघं रत्नागिरीजवळच्या नाचणे गावात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. पार्किंगमध्ये सॉकेट नाही, सोसायटी म्हणते मालकाला विचारा, मालक मुंबईला, तो म्हणतो सोसायटीला विचारा. एकाने बाल्कनीतून वायर सोडली तर खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली. त्यांची गाडी दिवसातले नऊ तास कुठे उभी असते? कंपनीत. भर उन्हात.

पोफळी | २१ मे, दुपारी ३.१०

या 'भर उन्हात'वरून सांगतो. २०२३ मध्ये केंद्राने नियम केला की वेळेनुसार वीजदर लावायचे, उन्हाच्या तासांत दर निदान वीस टक्के कमी ठेवायचा. दहा किलोवॉटच्या वरच्या कारखान्या-दुकानांसाठी त्याची तारीख १ एप्रिल २०२४ होती. कारण सोलरची वीज दुपारी मुबलक आणि संध्याकाळी सगळे एकदम दिवे-पंखे लावतात. म्हणजे विजेला गिऱ्हाईक हवं असतं दुपारी, आणि गाड्या मोकळ्या उभ्या असतात त्याही दुपारी. हिशेबनीस, तुमच्या बिलावर टीओडीचा, म्हणजे वेळेनुसार दराचा, रकाना बघा. सॉकेट रात्रपाळीला बंद ठेवा आणि दहा ते चार चालू. स्कूटरी किती, दोन-चार. तुमच्या डिमांडला, म्हणजे मंजूर भाराला, धक्काही लागणार नाही. दहा मोटारी एकदम लावल्यात तर तेहतीस किलोवॉट होतील, तेव्हा मात्र मला फोन करा.

हिशेबनीस | २१ मे, संध्याकाळी ६.२०

बिल काढून बघितलं. रकाना आहे, दुपारची वजावट आहे. सात वर्षं ही बिलं पास करतोय आणि त्या रकान्याकडे कधी बघितलं नव्हतं.

ठीक. ताई, असा अर्ज करा. 'सवलत' हा शब्द कुठेही घालू नका. लिहा, 'वापरलेल्या विजेची रक्कम पगारातून कापून घेण्यास माझी संमती आहे.' कापून घ्या म्हटलं की कुठल्याही व्यवस्थापनाचं मन वळतं. सबमीटरचं कोटेशन सोबत जोडा, वायरमनकाकांची सॉकेटची यादी जोडा. बोर्ड वितळल्याचा उल्लेख तुम्हीच पहिल्या ओळीत करा, नाहीतर तो विषय ते काढतील. आणि पेट्रोल भत्ता मागणाऱ्या पाचव्याला सांगता येईल, बाबा, ते पैसे भरतायत.

तीनचाकी | २१ मे, संध्याकाळी ६.४५

आमच्या स्टँडसाठी पण एक अर्ज लिहून द्या साहेब.

खाडीकाठची | ९ जून, रात्री ८.४५

काल पाऊस आला, आज निकाल. दोन सॉकेट मंजूर! सायकल शेडच्या टोकाला, केबिनपासून लांब. सबमीटर, दहा रुपये युनिट, पगारातून कपात, वेळ दहा ते चार, आणि स्वतःचा बोर्ड आणल्यास दंड. तशी नवी नोटीस लागली. जुनी मात्र तशीच आहे, लाल रेघेसकट. एकाच बोर्डावर वरच्या नोटिशीत 'कारवाई' आणि खालच्या नोटिशीत 'सुविधा'. एचआरना म्हटलं जुनी काढा, तर म्हणाले, बघू.

हिशेबनीस | ९ जून, रात्री ९.००

जुनी नोटीस काढायला वेगळी नोटीस लागते.

निवृत्त वायरमन | ९ जून, रात्री ९.२५

सॉकेट जमिनीपासून किती उंच? शेडला बाजूने पत्रा आहे का? आपला पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो.

खाडीकाठची | ९ जून, रात्री ९.४०

कमरेएवढा आहे. बाजूला पत्रा नाही. उद्या बघते.

खाडीकाठची | १० जुलै, रात्री ९.१५

पत्रा लागला. पण आज नवीन भांडण. स्टोअरमधल्या एकाच्या पगारातून महिन्याचे ११८ रुपये कापले. त्याच्या गाडीचं ॲप सांगतं साडेदहा युनिट, म्हणजे १०५. तेरा रुपयांवरून सकाळपासून शेडमध्ये सभा भरलीय. साडेचारशेसाठी मी 'वीजचोर' झाले होते, तो आता कंपनीला चोर म्हणतोय. हिशेबनीसभाऊ, या.

हिशेबनीस | १० जुलै, रात्री ९.३०

चार्जर गरम होतो ना? त्या गरमीची वीज मी कुणाच्या खात्यात टाकू, ते सांगा.

निवृत्त वायरमन | १० जुलै, रात्री ९.५०

मीटरचंच धरा. भिंतीतून निघालं ते मीटर सांगतो, बॅटरीत पोचलं ते ॲप सांगतं. मधलं वाटेत गेलं. इतकं जातंच.

आमसूल | १० जुलै, रात्री ९.५२

टँकरच्या पाण्यासारखं.